हनीसकल आणि दादाचा हात

लेकीनं कॅनडातून व्हिडिओ कॉलवर वाटीभर निळी फळं दाखवली, तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी यायची वेळ झाली होती आणि मी घागरी लावायच्या घाईत होते. तरी थांबले. फळं लांबट, शेंगदाण्यापेक्षा जरा मोठी, वर पांढुरकी भुकटी बसलेली. तिनं एक फळ बोटानं पुसलं तर खाली गर्द निळं निघालं. तिच्या घरामागच्या झुडपाची फळं होती ती. बर्फ वितळला की सगळ्यांत आधी हेच पिकतं, म्हणाली. नाव हनीसकल. त्या नावाची शोभेची वेल असते ती वेगळी, ही खायची जात.

"चव कशी गं?"

"करवंद आणि जांभूळ एका घासात खाल्ल्यासारखी."

"मग मी लावते की इथं."

"आई, तिथं नाही येणार ते. त्याला महिनोन्‌महिने कडाक्याची थंडी लागते. सोलापुरात कुठून आणणार?"

मला कुणी 'नाही येणार' म्हटलं की माझं डोकं फिरतं. सगळी नोकरी मराठी शाळेत गेली. तिथं पोरं रोज म्हणायची, बाई, मला नाही येणार, आणि मी त्यांच्याकडून करून घ्यायचे. ती सवय निवृत्तीनंतर सुटेल असं ह्यांना वाटलं होतं. ह्यांना बऱ्याच गोष्टी वाटत असतात.

पाऊस सरल्यावर मी डोंगराळ भागातल्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं मागवली. दोन अशासाठी की हे झुडूप एकटं फळ धरत नाही, शेजारी दुसऱ्या जातीचं हनीसकल लागतं. खोकं उघडलं तर आत वीतभर मातीत काड्या उभ्या होत्या आणि त्यांना लवदार, फिकी हिरवी पानं. हे म्हणाले, "एवढ्या लांबून काड्या मागवायच्या होत्या तर मला सांगायचं, कोपऱ्यावरच्या निंबाच्या तोडून दिल्या असत्या." मी लक्ष दिलं नाही. भवानी पेठेतल्या आमच्या घराला मागं जरासं अंगण आहे. शहाबादी फरशी, एक जास्वंद, कडीपत्ता, आणि भिंतीपलीकडं यंत्रमाग दिवसभर खडखडत असतो. भिंतीच्या सावलीत दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या आणि रोपं लावली.

आणि मग भाऊबीजेला दादा आला.

दादा माझा मोठा भाऊ. नातेपुत्याच्या पुढं आमचं गाव. वडील लवकर गेल्यावर आईच्या जोडीनं शेत त्यानंच सांभाळलं, मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. जिथं बाजरीसुद्धा रडतखडत यायची त्या माळावर त्यानं डाळिंबाची बाग उभी केली. दर भाऊबीजेला तो यायचा तो डाळिंबाचा खोका घेऊन, तेही खांद्यावर. जावयाच्या दारात रिक्षातून सामान उतरवणं त्याला शोभणारं वाटायचं नाही. ओवाळून झालं, जेवण झालं, की संध्याकाळच्या एसटीनं परत. बहिणीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्याचा नेम.

त्या वर्षी तो हातात नुसती पिशवी घेऊन आला. सदऱ्याची कॉलर मानेभोवती ढिली झाली होती. ओवाळताना निरांजनाच्या उजेडात त्याचा चेहरा ओढलेला दिसला. त्याची बाग गेली होती. पावसाळ्यात तेल्या पडला होता. तेल्या म्हणजे डाळिंबाचा रोग. पानांवर, फळांवर तेलाचे डाग पडल्यासारखं दिसतं, मग फळ तडकतं, काळं पडतं. पावसाच्या ओलीत पसरतो, आणि एकदा बागेत शिरला की हटत नाही. शेवटी दादानं यंत्र बोलावून सगळी झाडं मुळासकट काढली. हे सगळं मला त्याच्या मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. मुलगा तिथं कंपनीत आहे. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात दादा एकटा, आणि समोर उघडा माळ.

मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. छाटणीच्या दिवसांत शेजारच्या बागवाल्यानं दादाची कात्री मागून नेली होती. आमच्या भागात कात्री, पंप, ताडपत्री कुणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. कात्री परत आली, तेव्हा पाऊस तोंडावर होता आणि दादाची छाटणी अर्धी राहिली होती. एरवी तो कात्री औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय झाडाला लावायचा नाही. त्या दिवशी घाईत तशीच लावली. नंतर कळलं, शेजारच्या बागेत तेल्या आधीच होता.

"आत्या, पप्पांच्या डोक्यात बसलंय की बाग त्यांच्याच हातानं गेली. तू त्यांच्यासमोर विषय काढू नकोस," मुलगा म्हणाला. "आम्ही कुणीच काढत नाही."

मीही काढला नाही. उलट घरात कडक कायदा केला. दादा आहे तोवर डाळिंब हा शब्द उच्चारायचा नाही. बाजारातून आणायचं नाही. दहीभातावर चार दाणे टाकायची ह्यांची जुनी सवय, ती बंद. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला की रिमोट माझ्या हातात. हे एकदा डाळिंबी उसळ म्हणणार होते, ते घाबरून 'वालाची उसळ' म्हणाले. एवढा पाळला आम्ही तो कायदा.

दादाला थांबवून घ्यायला डोळ्यांचं निमित्त मिळालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. "बहिणीच्या घरी महिना-महिना ऱ्हातंय व्हय कोन?" असं दहा वेळा म्हणून झालं. हे म्हणाले, "दादा, मला कॅरम खेळायला कुणी नाही. तुमच्या बहिणीशी खेळलो की सोंगट्या माझ्याच अंगावर येतात." तेव्हा तो राहिला.

राहिला म्हणजे मागच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिला. बोलायचा नाही. भाकरी अर्धी खायचा. मला वाटलं, माणूस आयुष्यभर झाडांत राबलेला, अंगणातल्या झाडांना पाणी घालू लागला तर बरं वाटेल. मी पाइप त्याच्या हातात दिला. त्यानं तो खाली ठेवला.

"तूच घाल."

"का रे?"

"माझा हात नको. माझा हात लागला की झाड जातंय."

अगदी साध्या आवाजात म्हणाला. मी पाइप उचलला आणि जास्वंदीला नको इतकं पाणी घातलं.

इकडं हनीसकल रुसून बसलं होतं. नोव्हेंबर संपत आला तरी ना नवं पान, ना कळी. लेक म्हणाली, ते झोपेची वाट बघतंय. त्यांच्याकडं या दिवसांत झुडपं पानं टाकून बर्फाखाली गाढ झोपतात, मग वसंतात जागी होऊन फुलतात. झोप झाली नाही तर फूल नाही. आता सोलापूरची थंडी म्हणजे पहाटे शाल घ्यायची आणि आठ वाजता पंखा लावायचा. त्या थंडीत कोण झोपणार! ह्यांनी उपाय काढला. रोज संध्याकाळी फ्रिजमधल्या बर्फाचे खडे दोन्ही कुंड्यांत घालायचे. हे ते इतक्या भक्तीनं करायचे की मलाही वाटायला लागलं, बहुतेक जमेल.

दादा खुर्चीतून पाहत होता. दुसऱ्या दिवशी खुर्ची जरा पुढं सरकली. नंतर एका संध्याकाळी हे ट्रे घेऊन कुंडीशी वाकले आणि मागून आवाज आला, "ओ दाजी! मुळं सडवता का काय!"

हे दचकले, अर्धा बर्फ फरशीवर.

"त्याला थंडी पायजे म्हणून..."

"थंडी न्हवं, झोप पायजे त्याला. ती म्हणाली की पोरगी परवा. मी ऐकत हुतो." दादा उठून कुंडीपाशी आला. "आपल्याकडं थंडी पडतीया व्हय कवा? मग आमी झाडं कशी झोपिवतो? पानी तोडतो. ताण देतो."

डाळिंबवाल्यांची ही रीत आहे. आमच्या माळावर हिवाळा असा नसतोच, म्हणून ते झाडाला तहानेनं झोपवतात. पाणी बंद करायचं, आठवडेच्या आठवडे. झाड पानं टाकतं, नुसता सांगाडा उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, मेलं. मग शेणखत घालून पहिलं पाणी सोडायचं, आणि त्याच सांगाड्याला लालभडक कळ्या येतात. हे सगळं दादानं सांगितलं, पण डाळिंबाचं नाव घेतलं नाही. आमचा कायदा त्याला कुणी सांगितला नव्हता, तरी तोही पाळत होता.

"ह्ये बी झाडच हाय की," तो म्हणाला आणि कुंडीतल्या मातीत बोट घातलं. भाऊबीजेपासून पहिल्यांदा त्याच्या बोटाला माती लागली होती. मी आणि ह्यांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही, न जाणो बघितलं म्हणून तो हात काढून घ्यायचा.

त्या दिवसापासून कुंड्या दादाच्या. पाणी बंद. सकाळ-संध्याकाळ माती बघायची, खोडावरची सुटणारी साल बघायची. रात्री त्यानं दीड भाकरी खाल्ली आणि शेंगाचटणी मागून घेतली. सोलापुरात माणसांनाच तीन-चार दिवसांआड पाणी, त्यात आता झाडालाही ताण, असं हे म्हणाले तर दादा हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. मला वाटलं, हनीसकलला फळ नाही आलं तरी चालेल, माझे पैसे वसूल झाले.

पण लेकीला कळलं आणि ती फोनवर किंचाळलीच. "आई, वेडी झालीस का? जमिनीतल्या झाडाची मुळं खोल असतात, ती ओल शोधतात. कुंडीतलं झाड कुठं शोधणार? मरेल ते! मामाला थांबव."

फोन ठेवला आणि मी ओट्याशी उभी राहिले. ती म्हणत होती ते पटत होतं. दादानं आयुष्यभर ताण दिला तो जमिनीतल्या झाडांना. कुंडीचा त्याला अनुभव नव्हता. थांबवावं, तर अर्थ एकच होणार, तुझा हात नको. न थांबवावं, तर झाड त्याच्या हाताखाली मरणार, आणि मग त्याला जगात कुणी समजावू शकणार नाही. दोन काड्यांची ती गोष्ट, पण मला त्या रात्री धड झोप लागली नाही.

मग मी बायका करतात तेच केलं. दुपारी जेवून दादा पडला की मी फुलपात्रभर पाणी घेऊन अंगणात जायचे. अर्धं ह्या कुंडीत, अर्धं त्या. झाड जगेल, दादाचा ताणही चालू राहील, सगळ्यांचंच भलं. मोठी हुशार समजत होते मी स्वतःला.

दादा चक्रावला. पानं गळायची सोडून तकतकीत व्हायला लागली. मातीत बोट खुपसायचा, बाहेर काढून बघायचा. "ओल कशी काय ऱ्हातीया?" आभाळाकडं बघायचा. भिंत ओलावते का म्हणून भिंतीला हात लावून यायचा. मी आत भांडी घासत राहायचे, गरजेपेक्षा मोठा आवाज करत.

एका दुपारी मी फुलपात्र कलतं केलं आणि मागं वळले तर तो दारात उभा. झोपला नव्हता. आत गेला. मी मागोमाग गेले तर पलंगावर पिशवी उघडी आणि तो सदऱ्यांच्या घड्या घालत होता.

"दादा, अरे..."

"तुझाबी इस्वास न्हाय," तो म्हणाला. घडी चुकली होती, ती त्यानं परत घातली. "बरोबर हाय तुझं. माझाबी न्हाय."

मला रडूही आलं आणि रागही आला. माझा राग नेहमी आधी येतो. मी त्याचा सदरा हिसकावला, त्याला दंडाला धरून अंगणात आणलं आणि त्याच्या देखत उरलेलं पाणी मोरीत ओतलं.

"घे. आता थेंब घालणार नाही. तुझ्या मनाला येईल तसं कर."

"आन मेलं तर?"

"मेलं तर मेलं! माझं झाड आहे ना? मी देतेय तुला मारायला."

तो माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी मी त्याच्याशी भांडून विहिरीवर जाऊन बसायचे, तेव्हा बघायचा तसा. मग म्हणाला, "लई तिखट हाईस अजून," आणि सदरा परत खुंटीला लावला.

मग ताण खरा सुरू झाला. पानं पिवळी पडली, गळाली. राहिली ती त्यानं एकेक करून नखानं खुडली. मी छोटी कात्री पुढं केली तर हात मागं घेतला. नखच बरं, म्हणाला. मी कात्री गुपचूप खणात टाकली. संक्रांत झाली तेव्हा दोन्ही कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. ह्यांनी निंबाच्या काड्यांची आठवण काढायला तोंड उघडलं, पण मी तिळगूळ आधीच कोंबला. दादाच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावलेल्या डोळ्यानं तो रोज काड्यांशेजारी बसायचा. आता गावचं नाव काढत नव्हता.

पहिलं पाणी द्यायचा दिवस त्यानंच ठरवला. गावाकडून एसटीनं शेणखताचं छोटं पोतं मागवलं होतं, वाहकानं वास मारतो म्हणून कुरकूर करत दिलं. दादानं खत घातलं, वरून तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं, आणि हात जोडले. मीही जोडले. हेही आले आणि त्यांनीही जोडले, चेष्टेत नाही.

एक काडी उठलीच नाही. तिची साल कोरडी झाली, नखानं खरवडलं तर आत तपकिरी. दुसऱ्या कुंडीत मात्र काडीवरचे डोळे फुगले, हिरवे ठिपके झाले, ठिपक्यांची पानं झाली. आणि शिमग्याच्या आसपास, सकाळी चहा घेऊन गेले तर दादा कुंडीपाशी उकिडवा बसलेला, मला हातानंच बोलावत होता. पानांच्या बगलेत फिकट पिवळी फुलं होती. खाली मान घातलेली, लांबट, जोडीजोडीनं आलेली. मी फोटो काढून लेकीला पाठवला. तिकडं रात्र होती, तरी तिनं लगेच उत्तर दिलं, 'अशक्य!!!' मी ते दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

"फळ धरंल का?" त्यानं विचारलं.

मी खोटं बोलणार होते. पण फुलपात्राची गोष्ट ताजी होती. "नाही धरणार दादा. दुसऱ्या जातीचं लागतं शेजारी, आणि ते गेलं."

"एकल्याला न्हाय धरत," तो म्हणाला. मला वहिनी आठवली, त्यालाही आठवली असणार. "ऱ्हाऊ दे. फूल तर आलं की."

फुलं गळाली. मग चैत्र लागला आणि आमचं ऊन सुरू झालं. सोलापूरच्या उन्हाची मी काय तक्रार करू, तेच खाऊन मोठी झाले मी. पण त्या झुडपासाठी मला पहिल्यांदा ऊन वैरी वाटलं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. दादानं कुंडी जिन्याखाली सरकवली. भोवती ओलं पोतं गुंडाळलं. ह्यांनी जुनी साडी बांधून आडोसा केला. पाणी आता सकाळ-संध्याकाळ, माझ्या वाटचं पिण्याचंसुद्धा. तिघंही राबलो. रोज आणखी एक पान कुरकुरीत होऊन हातात यायचं. अक्षय्य तृतीयेच्या आधीच ते झुडूप वाळलं.

ज्या दुपारी शेवटची फांदी कट्‌कन मोडली, त्या दुपारी दादा जिन्याच्या पायरीवर बसला होता. हात गुडघ्यांवर, तळवे वर. तो स्वतःच्या हातांकडंच बघत होता. मी मनात वाक्यं जुळवत होते, मऊ, गोल, कुठं टोचणार नाहीत अशी. महिनोन्‌महिने भीत होते तीच वेळ आली होती.

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. ह्यांना घाम पुसायचा होता, झाडाचं वाईटही वाटलं होतं, आणि काय बोलू नये याचं भान ह्यांना तसंही कमीच.

"अहो दादा, बर्फातलं झाड ते. ह्या उन्हात कुणाच्याही हातून जगलं नसतं. तुम्ही त्याला फुलं आणलीत, हेच नवल."

दादानं वर पाहिलं नाही. पण विचारलं, अगदी हळू, "मग माझी बाग कुनाच्या हातनं गेली?"

बाग. सहा महिन्यांत तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. ह्यांनी घाबरून माझ्याकडं पाहिलं. मला जुळवलेल्या मऊ वाक्यांतलं एकही आठवेना.

"तेल्यानं गेली," मी म्हटलं. "हातानं कशाला जाईल?"

"कात्री मी दिल्ती."

"दिली. मागितली म्हणून दिली."

"परत आली ती न बुडवता लावली. घाई केली." तो थांबला. "कात्रीनंच आला असंल ना?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. आजही नाही. "असेल," मी म्हटलं. "नसेलही. गावात ज्यांनी कुणाला कात्री दिली नाही, त्यांच्या बागा राहिल्या का?"

"न्हाय ऱ्हायल्या."

"ओढ्यापलीकडच्या?"

"त्याबी गेल्या. वरच्या वाडीतल्याबी." मग पोरासारखा अडून म्हणाला, "पर माझी पयली गेली की."

"कुणाची तरी पहिली जाणारच होती, दादा. पाऊस तसा होता. सगळ्या शिवारात आला तेल्या. तो काय तुझा पत्ता विचारत आला होता?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. बरे झालेले दोन्ही डोळे, आता पट्टीही नव्हती. माझ्या चेहऱ्यावर काय शोधत होता कोण जाणे. मी खोटं बोलतेय का, हेच बहुधा. मग त्यानं विचारलं,

"ह्ये तुला ठावं हुतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे रे. तुझ्या पोराला, ह्यांना, गावाला."

"मग कोन बोललं का न्हाय?" त्याचा आवाज फुटला. "कोनी इशयच काढीना. पोरगं काढीना, तू काढीना. गावात लोक मला बघून दुसरं बोलायला लागायची. मला वाटलं, समद्यांना ठावं हाय मीच मारली म्हणून. म्हणून समदे गप ऱ्हात्यात."

ह्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत आत निघून गेले.

त्याला लागू नये म्हणून आम्ही डाळिंबाचा दाणासुद्धा घरात येऊ दिला नव्हता. रिमोट हातात धरून बसले होते मी. आणि हा मागच्या दारात बसून आमच्या त्या प्रेमळ गप्पपणातून रोज एकच ऐकत होता, की तू केलंस. माया केली असं मला वाटत होतं, आणि त्या मायेनं माझा भाऊ आतून पोखरला जात होता. असं रडू मला वडील गेले तेव्हाही आलं नव्हतं.

तो माझी समजूत काढायला लागला, उलटाच. "ये, रडू नगं. येडी का काय." मी पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. ऊन फरशीवरून आमच्या पायांपर्यंत आलं होतं. मोडलेली फांदी अजून त्याच्या हातात होती, ती मी काढून बाजूला ठेवली.

"दादा, मला बागेचं सांग."

"काय सांगू?"

"सगळं. पहिलं झाड लावलंस तिथपासून."

त्यानं डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं, पुसलं नाही. "आईनं खड्डा घेतल्ता पयला," तो म्हणाला, "तू साळंत गेल्तीस तवा," आणि सांगायला लागला.